होडीची लोटगाडी

"बठ्ठी ओसरी अडाई टाकी. उद्या मी मरी गऊ, ते माले ठेवतीन कोठे?"

हे वाक्य माझ्या कानापासून वीतभर अंतरावर पुटपुटलं गेलं. पुटपुटणाऱ्या माझ्या सासूबाई, भिकुबाई, वय एक्क्याऐंशी. त्या रोज सकाळी न्हाणीकडे जाताना ओसरीतल्या दोन होड्यांना वळसा घालत आणि वळणावर असं एखादं वाक्य ठेवून जात. मी तेव्हा होडीच्या पलीकडे खाली बसून टेपने माप घेत होते, हे त्यांना दिसलं नव्हतं. म्हणजे प्रश्न त्यांनी होडीला विचारला होता. होडी काही बोलली नाही. मीही बोलले नाही, कारण प्रश्नात तथ्य होतं. ओसरी अठरा फूट, होडी सतरा फूट. उरलेल्या एका फुटात तुळस.

होडी म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येते तशी कोळ्यांची नव्हे. ही शर्यतीची. एकट्याने बसायचं, दोन तोंडांचं वल्हं डावीकडे-उजवीकडे मारायचं, आणि अंग जरा तिरकं झालं की पाण्यात. हिचं खरं नाव कयाक, पण धुळ्यातल्या आमच्या देवपुरात ते नाव कोणी घेत नाही. चोपड्याचा माझा भाऊ आला होता, त्याने पिवळ्या होडीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ताई, एवढं एक केळं आमच्या मळ्यात पिकलं असतं, तर ट्रकला एकच पुरलं असतं." तेव्हापासून गल्लीत तिला केळं म्हणतात. दुसरी होडी पांढरी आहे. तिला पांढरं केळं म्हणतात.

केळी माझ्या मुलीची, हेमांगीची. ती चार वर्षं बाहेरगावी अकादमीत होती. गेल्या डिसेंबरात राज्याच्या संघाची निवड होती. त्याआधीच, नोव्हेंबरात, अकादमीने जुन्या होड्या विकायला काढल्या आणि हेमांगीने मोठ्या उत्साहाने एक मागितली. तिथे जोडीनेच देत होते, चपलांसारख्या. म्हणून दोन. डिसेंबरात निवड झाली, म्हणजे ज्यांची झाली त्यांची झाली. जानेवारीत हेमांगी घरी आली, बॅग ठेवली आणि म्हणाली, "झालं." फेब्रुवारीत टेम्पोने होड्या आल्या.

"झालं" म्हणजे काय झालं, हे आम्ही कोणी विचारलं नाही. ह्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पाहुण्यांना "शिबिर संपलं" असं सांगायचं ठरवलं. हे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. योगराजभाऊंचं वाक्य म्हणजे खोटंही नाही आणि खरंही नाही, अशी त्यांची ख्याती होती. मी "सध्या विश्रांती घेतेय" म्हणत होते. शेजारच्या प्रमिलाबाई तर काही विचारतच नव्हत्या. ते त्यांच्या स्वभावाला इतकं सोडून होतं की तेच जास्त लागायचं.

होड्या एकदाही पाण्यात गेल्या नाहीत. हेमांगी ओसरीतून जाताना मान मोबाइलमध्ये घालून जायची. वल्ही तिने पलंगाखाली सरकवली होती, पापडाच्या डब्यांमागे. एक दिवस मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "तो गावाबाहेरचा पाझर तलाव आहे ना, साडेतीन किलोमीटर असेल नसेल."

ती म्हणाली, "नेणार कसं?"

आता हा प्रश्न नसून उत्तर आहे, हे एखाद्या शहाण्या आईला कळलं असतं. मला तो प्रश्न वाटला. आणि ज्याला नटबोल्टने उत्तर देता येतं असा प्रश्न समोर आला की माझ्या अंगात वारं शिरतं.

माझं शिक्षण दहावी. बाकीचं सगळं मी बघून बघून शिकले. शिवणयंत्र उघडून शिकले, मिक्सर जाळून शिकले, स्कूटर पाडून शिकले. उन्हाळ्यात गल्लीतले निम्मे कूलर माझ्या हाताखालून जातात. धुळ्याच्या उन्हात कूलर दुरुस्त करणाऱ्या बाईला जो मान आहे तो नगरसेवकालाही नाही. तेव्हा दोन होड्या वाहून नेणारी गाडी बनवणं मला फार तर रविवारचं काम वाटलं. तो रविवार एप्रिलमध्ये सुरू झाला आणि सप्टेंबरात संपला.

"टेम्पो करा ना," असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते. सराव रोज करायचा असतो. रोज टेम्पो फक्त केळीवाले करतात, खऱ्या केळीवाले.

पहिली गाडी मी प्लॅस्टिकच्या पाइपांची केली. मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ बघितला होता. तो पाइप कापतो, जोडतो, दोन चाकं लावतो आणि शीळ घालत समुद्राकडे जातो. मी हेमांगीच्या लहानपणच्या सायकलची दोन चाकं काढली, पाइप जोडले, गाडी गच्चीवर डिंक वाळायला ठेवली. शेजारीच प्रमिलाबाईंच्या कुरडया होत्या. संध्याकाळी आम्ही दोघी वर गेलो तर कुरडया ताठ झाल्या होत्या आणि गाडी मऊ. चार पायांपैकी तीन बसले होते आणि चौथा बसायच्या तयारीत होता. त्या गोऱ्या माणसाच्या गावाला चव्वेचाळीस अंश होत नसावेत.

"मी सांगणार होते," प्रमिलाबाई कुरडया उचलता उचलता म्हणाल्या, "पण म्हटलं, तुम्ही इतक्या मनापासून करताय वहिनी."

या वाक्यावर मी तेव्हा विचार करायला हवा होता. आमच्या गल्लीत ज्या गोष्टी कोणाला सांगितल्या गेल्या नाहीत, त्या बहुतेक याच कारणाने.

दुसरी गाडी लाकडाची. सासूबाईंची जुनी खाट माळ्यावर होती, तिचे गाते, म्हणजे कडेचे दांडे, घेतले. (त्यांना सांगितलं नाही. त्यांना कळलं.) ही गाडी ओसरीतून अंगणापर्यंत उत्तम चालली. अंगणाच्या पायरीवर तिने मान टाकली. पण त्या दिवशी एक गोष्ट घडली. होडी गाडीवर चढवताना हेमांगी दारात उभी होती. ती एकदम म्हणाली, "मध्ये आधार नको देऊ आई. दोन ठिकाणी दे, टोकांपासून सारख्या अंतरावर. नाहीतर पोट दबतं तिचं. आणि खाली कापड लाव, घासतं."

मी मोजलं. चार वाक्यं. जानेवारीपासून तिने एका वेळी एवढं बोललेलं मला आठवत नव्हतं.

खरं सांगायचं तर त्यानंतर गाडी लवकर व्हावी असं मला फारसं वाटेना. गाडी जितकी बिघडायची तितकी ती बोलायची. चाक वाकडं लागलं की बाहेर यायची, पाना हातात घ्यायची, "असं नाही, आई" म्हणायची. तलावाचं नाव काढलं की "बघू" म्हणायची आणि आत जायची. मग मी आणखी एखादा स्क्रू ढिला करायची. लोक म्हणतात मला काम संपवता येत नाही. म्हणोत.

मे महिन्यात समजलं की तलावात पाणीच नाही, पोरं क्रिकेट खेळतात. हेमांगीचा चेहरा एकदम उजळला. "मग घाईच नाही," ती म्हणाली. मीही "नाहीच" म्हटलं. ह्यांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि पेपर उघडला.

तिसरी गाडी धनसिंगने केली. धनसिंग आमच्या कोपऱ्यावरचा वेल्डर. कूलरचे सांगाडे करतो आणि लोटगाड्या करतो, भाजीवाले लोटत नेतात त्या चार चाकी. तो मला गुरू मानतो, कारण मी त्याला एकदा कूलरच्या मोटरची वायर उलटी लागलीय हे दाखवलं होतं. मी त्याला कागदावर चित्र काढून दिलं: हलकी, सडपातळ, दोन चाकी. त्याने कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि लोटगाडी बनवली.

"अरे, चित्र बघितलंस का?"

"बघितलं ना अक्का. पण ते काय टिकणार नाही. गाडी म्हणजे कशी पाहिजे, हत्ती बसला तरी हलली नाही पाहिजे."

गाडी हत्ती न बसताही हलत नव्हती. दोन माणसांनी ढकलली की "हं?" केल्यासारखी जरा पुढे सरकायची. शिवाय ती होती सात फूट, कारण लोटगाडी सात फुटीच असते. धनसिंगच्या वडिलांनी तशी केली, आजोबांनी तशी केली. कांद्याला त्याहून जास्त जागा लागत नाही. सतरा फुटांची होडी तिच्यावर ठेवल्यावर दोन्हीकडे पाच-पाच फूट लोंबायला लागली.

"बांबू बांधू," धनसिंग म्हणाला. "खाली दोन लांब बांबू, सुतळीने आवळून. होडी त्याच्यावर. बास!"

उपाय बिनचूक होता. त्यानंतरचे सगळेच उपाय बिनचूक होते, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं. एकेक बघितलं तर कशातच चूक नव्हती.

मधल्या काळात ह्यांनी परवानगीचं अंगावर घेतलं. तलावात होडी घालायची तर अर्ज पाहिजे, आणि अर्ज म्हटल्यावर ह्यांची पाठ आपोआप ताठ होते. एका कचेरीत (नाव घेत नाही, ह्यांची तिथे ओळख आहे, ती टिकली पाहिजे) आम्ही दोघं गेलो. टेबलामागच्या साहेबांनी छापील फॉर्म काढला.

"मासे धरणार?"

"नाही," हे म्हणाले.

"पाणी उपसणार?"

"नाही."

"मग होडी कशाला?"

"सरावाला."

"कसला सराव? स्पर्धा आहे?"

ह्यांनी पेनाचं टोपण काढून परत लावलं. मग म्हणाले, "सध्या... नुसता सराव."

साहेबांनी फॉर्म आमच्याकडे वळवला. "चार रकाने आहेत. मासेमारी, उपसा, मूर्ती विसर्जन, इतर. 'इतर' भरलं तर कागद वर जातो." त्यांनी छताकडे बोट केलं. छताला एक पंखा होता, बंद. "वर गेलेला कागद मी इथे आल्यापासून खाली आलेला बघितला नाही."

ह्यांनी क्षणभर विचार केला आणि माझ्या संसारात पहिल्यांदाच मला ह्यांच्या नोकरीचा अभिमान वाटला. "विसर्जन भरा," हे म्हणाले. "गाडीवरून मोठी वस्तू वाजवी मार्गाने तलावापर्यंत न्यायची आणि पाण्यात सोडायची. तत्त्व तेच."

"उंची?"

"सतरा फूट."

साहेबांनी चष्मा काढला. "मंडळ कोणतं?"

"घरगुती."

"पर्यावरणपूरक आहे का?"

"फायबरची आहे," मी मध्ये बोलले, "पण बुडत नाही."

"बुडत नाही तर विसर्जन कसं म्हणायचं, ताई?"

शेवटी 'विसर्जनानंतर मूर्ती त्याच दिवशी परत नेण्यात यावी' अशी अट घालून कागद मिळाला. साहेब भले होते. निघताना म्हणाले, "आमच्याकडे गणपती लोक ठेवून जातात. तुम्ही पहिलेच, परत नेणारे."

गणपती झाले, सप्टेंबर संपत आला, तलाव भरला, गाडी तयार, कागद हातात. अडचण एकही उरली नाही. हेमांगीने दोन-तीनदा चाकांना हात लावून बघितला, हवा बघितली, बांबू बघितले. सगळं ठीक होतं. ती "रविवारी बघू" म्हणाली. "जाऊ" म्हणाली नाही, हे मी ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं. पोरगी आत्ता पाण्यात उतरली नाही तर आयुष्यात उतरणार नाही, एवढं मला कळत होतं. तिला तसं म्हणायची माझी छाती नव्हती. मी चाकांना ग्रीस लावलं.

रविवारी सकाळी नऊलाच ऊन असं की डांबर चमकत होतं. फायबर तापलं तर बसणारीला चटका बसेल म्हणून मी दोन्ही होड्या गाडीवर जोडून ठेवल्या, पलंगाखालचं एक वल्हं मध्ये सरकवलं आणि वरून चादर टाकली. लांब चादर घरात एकच होती, लग्नात गाद्यांवर अंथरायची. पांढरी. वाऱ्याने उडू नये म्हणून ती चार ठिकाणी सुतळीने बांधली. नवी गाडी पहिल्यांदा घराबाहेर निघतेय तर पूजा नको का? प्रमिलाबाईंनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि झेंडूची माळ चादरीवरून घातली. थोडी फुलं राहिली होती, ती त्यांनी वर उधळली.

सासूबाईंना घरी एकटं ठेवायचं नव्हतं, त्यांच्यासाठी रिक्षा केली. त्या बाटलीतलं पाणी पीत नाहीत, लहान मडक्यातलंच पितात. रिक्षात मडकं हिंदकळतं, म्हणून ह्यांनी त्याला सुतळीचं शिंकं करून हातात धरलं. आणि हे नेहमी पुढेच चालतात. पस्तीस वर्षांत बाजाराला माझ्याबरोबर कधी चालले नाहीत.

गाडीला चार कोपरे. एकाला मी, एकाला हेमांगी, एकाला प्रमिलाबाई, एकाला धनसिंग.

सासूबाईंनी रिक्षातून हे सगळं वरपासून खालपर्यंत बघितलं. एवढंच म्हणाल्या, "फुलं ते काढी टाका." कोणी लक्ष दिलं नाही. प्रमिलाबाई "छान दिसतंय" म्हणाल्या, पण त्यांचा आवाज खाली गेला होता आणि पदर डोक्यावर.

आम्ही निघालो.

गल्लीच्या तोंडाशी एक मोटरसायकलवाला थांबला, टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. मला वाटलं, ओळखीचा असेल. पुढे चहाच्या टपरीवरची माणसं उभी राहिली. बाकड्यावरचा रेडिओ कोणीतरी बंद केला. एका बाईने पोराला पाठीमागे ओढलं आणि आमच्याकडे बघून हात जोडले. मीही जोडले, कोणी नमस्कार केला तर आपण करावा, हे माझे संस्कार. त्यामुळे गाडीचा एक कोपरा सुटला आणि गाडी डावीकडे झुकली. "जपून, जपून," असं चार-पाच अनोळखी लोकांनी हळू आवाजात म्हटलं आणि दोघांनी येऊन खांदा दिला. म्हणजे हात दिला. पण तो ज्या तऱ्हेने दिला, ती तऱ्हा खांद्याची होती.

तेव्हा मी पहिल्यांदा बाहेरून बघितलं. पांढरी चादर. सुतळी. बांबू. झेंडू. चौघं चार कोपऱ्यांना. मागे रिक्षात म्हातारी. आणि सगळ्यांत पुढे, अनवाणी नव्हते हीच काय ती कसर, हे. हातात शिंक्यातलं मडकं घेऊन.

"अहो," मी हळूच हाक मारली. "ते मडकं..."

"सांडत नाहीये," हे मागे न बघता म्हणाले.

चौकात पोलिसाने दोन्हीकडची वाहनं थांबवून आम्हाला वाट दिली. एवढ्या वर्षांत त्या चौकात मला कोणी वाट दिलेली नाही. खरं सांगू? मला खुलासा करावासा वाटला नाही. चौक पार व्हायचा होता.

चौकापलीकडे कापड दुकानदार सुरेशचंदजी दुकानाच्या पायऱ्या उतरून खाली आले. आमचं लग्नाचं कापड त्यांच्याकडचं. त्यांनी नोकराला खूण करून शटर अर्धं खाली घ्यायला लावलं आणि ह्यांच्याशेजारून गप्प चालू लागले. शंभर पावलं झाल्यावर हळूच म्हणाले, "योगराजभाऊ, निरोप पण नाही दिला. आपण घरचे ना?"

"एवढं काय त्यात," हे म्हणाले. "होडी आहे."

सुरेशचंदजींनी मागे वळून गाडीवरची लांबी नजरेने मोजली. मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुःखात माणूस काहीही बोलतो, हे त्यांना माहीत होतं. ते आणखी पन्नास पावलं आले आणि मागे फिरले. मागे उभ्या असलेल्या दोघांचं बोलणं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

"कोण गेलं रे?"

"माहीत नाही. पण एवढा उंच माणूस आपल्या देवपुरात कोण होता?"

माझ्या पलीकडच्या कोपऱ्यावरून एक आवाज आला. मला वाटलं, चाक कुरकुरतंय. मी ग्रीस लावलं होतं म्हणून जरा रागच आला. बघितलं तर हेमांगी. मान खाली, दोन्ही हात गाडीवर, खांदे हलत होते. मी घाबरले. रस्त्यातल्या बायकांनी "रडू दे, रडू दे, मोकळी होऊ दे" म्हटलं. तिने मान वर केली. हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज न करता, तोंड ओढणीत कोंबून हसत होती. "उंच होता बिचारा," एवढंच ती मला म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली. नऊ महिन्यांनी. मी म्हटलं, तिरडी तर तिरडी, माझी गाडी वाया गेली नाही.

तलावाच्या अलीकडे तोताराम नाना उभे. तलावातल्या मासेमारी सोसायटीचे अध्यक्ष, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांनी लांबूनच दोन्ही हात आडवे केले.

"ओ भाऊ! आठे नही! अमरधाम मांगे ऱ्हायनं!"

आम्ही स्मशानाची वाट चुकलो असं त्यांना वाटलं. ह्यांनी मडकं डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताने कागद काढला. तोताराम नानांनी तो उलटसुलट वाचला. 'घरगुती विसर्जन, उंची सतरा फूट.' त्यांनी चादरीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि टोपी काढली. "माणसाचं विसर्जन?" ते म्हणाले. "कागद देतेत आता याचा?"

मी पुढे होऊन चादरीचं टोक वर केलं. पिवळं नाक बाहेर आलं. तोताराम नानांनी काठीच्या टोकाने ते टोकरून बघितलं. मग टोपी घालून म्हणाले, "केळं शे का हाई?"

एवढ्या सगळ्यातून आलेली गाडी पाण्यापासून दोनशे पावलांवर बसली. तलावाच्या काठची काळी माती वरून वाळलेली, आतून लोण्यासारखी. चारही चाकं आसापर्यंत खाली गेली. धनसिंगने ढकलून बघितलं, सगळ्यांनी ढकलून बघितलं.

"बघा," धनसिंग घाम पुसत म्हणाला, "हलतेय का? मी काय म्हटलं होतं!"

मी तिथेच बांधावर बसले. पाच महिने, तीन गाड्या, एक खाट, एक कागद आणि सगळ्या देवपुराची श्रद्धांजली, आणि वर दोनशे पावलं. मला रडायलाही लाज वाटत होती, कारण रडून झालेलं आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

तेवढ्यात हेमांगीने सुतळी सोडली. चादर बाजूला केली, झेंडूची माळ काढून गाडीच्या दांड्याला अडकवली. मग एक हात बसायच्या खाचेत घातला, गुडघ्यावर होडी तोलली आणि एका झटक्यात सतरा फूट खांद्यावर. कळशी काखेला घ्यावी तशी. आणि चालू लागली.

आमची सगळ्यांची तोंडं उघडी.

"अगं, जड आहे ती!" मी मागून धावले.

"चौदा किलो आहे, आई."

"चौदा?" आमच्याकडे गव्हाचा डबा वीस किलोचा असतो, तो मी उचलते. "हे येत होतं तुला?"

"रोज असंच न्यायचो आम्ही. शेडपासून पाण्यापर्यंत."

"मग गाडी?"

ती थांबली नाही. "तू बनवत होतीस ना," म्हणाली.

यावर माझा अपमान व्हायला हवा होता. झालाही. पण तिच्या मागून वल्हं घेऊन चालत असताना तो मला नीट धरता येईना.

तिने होडी पाण्यात ठेवली. स्वतः घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली, होडीवर एक हात. आणि तशीच उभी राहिली. बसायचं काही नाव नाही. मघाचं हसू गेलं होतं. ती पलीकडच्या काठाकडे बघत होती, जिथे काहीच नव्हतं, एक बाभूळ आणि दोन बगळे.

आम्ही सगळे काठावर. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून सगळे बोलू लागले.

"तलाव यंदा बरा भरलाय," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"मासा बी बरा शे," तोताराम नाना म्हणाले.

"वारा आहे जरा," हे म्हणाले. "आज नसेल जमत तर... परवानगी महिनाभर आहे. उद्या बघू."

"गाडी काय, धुऊन काढली की नवी," धनसिंग म्हणाला.

"ऊन फार आहे," मी म्हटलं. मीसुद्धा. "पाणी पी हवं तर."

हेमांगीने होडी थोडी काठाकडे ओढली. मला कळलं की ती आता परत खांद्यावर घेणार. ती घेऊन ओसरीत ठेवणार, तुळशीला खेटून, आणि मग ती होडी तिथून कधी हलणार नाही, हत्ती बसल्यासारखी.

मागून काठीचा आवाज आला. सासूबाई रिक्षातून उतरून, चप्पल हातात घेऊन, चिखलातून येत होत्या. कोणाचा हात त्यांनी घेतला नाही. थेट पाण्याच्या कडेला आल्या, नातीच्या जवळ. नीट उभ्या राहिल्या, दम घेतला.

"काय वं पोर," त्या म्हणाल्या, "तू तठे हारनी ना?"

ह्यांनी मडकं दोन्ही हातांनी धरलं. हा शब्द आमच्या घरात नऊ महिने कोणी तोंडातून काढला नव्हता. त्याच्याभोवतीसुद्धा आम्ही वळसा घालूनच जात होतो.

हेमांगी वळली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. आम्हाला हे माहीत होतं, हे तिला आत्ता कळत होतं. आणि तिला ते कळतंय, हे आम्हाला.

"हो आजी," ती म्हणाली. "हरले. सहावी आले."

"कितीमा?"

"सहामध्ये."

सासूबाईंनी कपाळावर हात आडवा धरून तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतला. हेमांगीने माझ्याकडे हात पुढे केला, आणि मी वल्हं तिच्या हातात दिलं.

"मंग बस," सासूबाई म्हणाल्या. "आठे ते तू एकलीच शे. पहिला नंबर तुनाच ई."